काचेच्या कपाटातल्या साड्या

१

पालमच्या मेन रोडवरच्या ‘राजनंदिनी वस्त्रदालना’तली चोरी पहिल्यांदा पाहिली राजेश्रीनं, आणि दुपार व्हायच्या आत चोर ठरली तीही राजेश्रीच.

त्यात कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. शटरचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच. एक मालकाच्या घरी देवघरातल्या खुंटीला, दुसरी राजेश्रीच्या पर्समध्ये. रोज सकाळी दुकान तीच उघडायची. आदल्या दिवशी दुकानाला साप्ताहिक सुट्टी होती. काउंटरमागचं काचेचं कपाट फोडून त्यातल्या ‘राजलक्ष्मी’ साड्या कुणीतरी नेल्या होत्या. एकेक साडी सहा हजारांची.

ही सगळी हकीकत अॅडव्होकेट शुभदा खिल्लारे यांना परभणीतल्या त्यांच्या ऑफिसात सांगितली ती राजेश्रीच्या आईनं, तानुबाईनं. मे महिन्याचं ऊन अंगावर घेऊन म्हातारी एसटीनं आली होती. समोर ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याला तिनं हातसुद्धा लावला नव्हता.

“मावशी,” शुभदा म्हणाली, “मी ग्राहक आयोगापुढं उभी राहणारी बाई. बिघडलेला फ्रीज, न उगवलेलं बियाणं, विम्याचे पैसे, असल्या तक्रारी माझ्याकडं. चोरीच्या केसेस मी घेत नाही.”

“केस लढा म्हणून आले न्हाई बाई मी. पोरीला बोलतं करा म्हणून आले.”

“म्हणजे?”

“नवऱ्याचं घर सोडून आली, तवापासून त्याच दुकानात हाय. मालकानं सांगितलं तर उन्हात उभी राहील, असली. आता रोज ठाण्यात चौकशीला बोलवायलेत. गल्लीत बाया दारं लावून घ्यायल्यात. मालकानं एवढंच केलंय, अजून पक्की फिर्याद दिली न्हाई. उद्यापर्यंत साड्या आणून दे म्हणला, न्हाई तर देतो.” तानुबाईनं पदराचं टोक मुठीत आवळलं. “काल मी तिला इचारलं, खरं सांग बाई, तू घेतल्यास का? तर म्हणली, आई, मी घेतल्या न्हाईत, आणि ते मी सिद्ध करू शकते.”

“मग?”

“म्हणली, पर मी कुणाला सांगणार न्हाई.”

२

राजेश्री तोंड उघडेना. पालमच्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात ती भिंतीला टेकून बसली होती. वय पस्तिशीचं, पण चार दिवसांत डोळ्यांखाली काळं आलं होतं. शुभदानं गोडीनं विचारलं, रागावून विचारलं. उत्तर एकच: “मॅडम, मी शब्द दिलाय.”

“कुणाला?”

यावर तेवढंही नाही.

मग शुभदा दुकानात गेली. मालक दिनकरराव गिराम घरी जेवायला गेले होते. दुकानात होते फक्त मुंजाजीकाका. या गादीवर बसून साड्या उलगडण्यात केस पिकलेला माणूस. त्यांनी शुभदाला ओळखलं. दिवाळीत तिनं इथूनच साडी नेली होती, तीही त्याच काचेच्या कपाटातली. नवरा, सिद्धोधन, शाळेत शिक्षक, किंमत ऐकून तो चाट पडला होता, पण शुभदा ती साडी नेसून भाचीच्या लग्नात गेली तेव्हा दोन बायकांनी थांबवून “कुठून घेतली?” विचारलं होतं. ते सुख अजून तिच्या ध्यानात होतं.

कपाटाची चौकट रिकामी होती. आतला पिवळा दिवा मात्र अजून लागलेला होता, कुणाला तो बंद करायचं सुचलं नव्हतं. काउंटरवर, हाताशी, दुसऱ्या साड्यांचा मोठा ढीग होता. वर पाटी: ‘देवयानी. फक्त पंधराशे.’ त्या ढिगाला कुणी शिवलंही नव्हतं.

“आणि हे काय?” शुभदानं खुर्चीवर पडलेलं एक लुगडं दाखवलं. त्यात काचेचे कण चमकत होते.

मुंजाजीकाकांचा चेहराच उतरला. “त्याला हात लावू नका मॅडम, काच लागंल. इरकल हाय ती. हातमागाची, पदर अस्सल रेशमाचा. आता असं विणणारा माणूस न्हाई राहिला. कुणी घेईना म्हणून मालकानं सातशेची चिठ्ठी लावून सेलमधी टाकली. चोरानं हीच काचेवर धरली आन् वरून हाणलं. आवाज होऊ नये म्हणून.” त्यांनी काचेचा एक कण चिमटीत उचलून बाजूला टाकला. “दुकानात पायपुसणी होती की. पोती होती. हीच घ्यायची होती का त्याला?”

“राजेश्रीला माहीत होतं, ही कसली साडी आहे?”

“तिनंच तर मला सांगितलतं, काका ही सेलमधी टाकू नका म्हणून.”

शुभदानं ढिगातली एक देवयानी ओढली. चिमटीत धरून कापड चोळलं. पुन्हा चोळलं. बोटांना काहीतरी ओळखीचं लागलं.

“काका, मालकाच्या घरी कोण कोण असतं?”

“मालक, मालकीणबाई, आन् पोरगा, महारुद्र. पुण्याहून शिकून आलाय, आता दुकानाचं त्योच बघतो. मागल्या आठवड्यात मालकीणबाईला बरं नव्हतं म्हणून राजनंदिनीताई पण आल्त्या, चुडाव्याहून. मालकाची लेक. पोरीच्या नावानंच दुकान हाय हे.”

“आणखी काय गेलं चोरीला?”

“साड्याच. आन् हां, त्याची लाल खोकी. राजलक्ष्मी आमी साध्या पिशवीत देत न्हाई ना, खोक्यात देतो. वर दुकानाचं नाव, किमतीची चिठ्ठी. ती खोकीबी नेली.”

शुभदाच्या कपाळाला आठी पडली. चोरीच्या साडीचं खोकं कशाला लागतं कुणाला?

तिनं हातातली देवयानी पुढं केली. “आता एकच सांगा. ही आणि कपाटातली, फरक काय यांच्यात?”

मुंजाजीकाकांनी मान खाली घातली. गादीवरचा नसलेला धागा ते वेचायला लागले.

“ते मालकाला इचारा मॅडम,” ते पुटपुटले. “मला या वयात दुसरं काम कुणी देणार न्हाई.”

३

समोर भुजंगची रसवंती होती. घुंगरांचा आवाज थांबवून त्यानं रसाचा ग्लास पुढं केला.

“सुट्टीदिवशी इथंच होतो की. दुपारी तर रस्त्यावर कुत्रंबी नसतंय या उन्हात. पोलिसांनीबी इचारलं मला. परकं माणूस कुणी आलं का म्हणून. म्हणलं, न्हाई. परकं माणूस कुणीच आलं न्हाई.”

“राजेश्री आली होती?”

“न्हाई. ती आली असती तर रस पिऊनच गेली असती. माझी मानलेली बहीण हाय ती.”

“हे पोलिसांना सांगितलं?”

“सांगितलं. मानलेली बहीण म्हणलं की ते हसायले.” त्यानं चरकात उसाचं कांडं सारलं. “खामखा बदनाम करायलेत बिचारीला.”

रस पिता पिता शुभदा कपाटाच्या त्या रिकाम्या चौकटीकडं रस्त्यापलीकडून बघत राहिली. ग्लास संपेपर्यंत तिच्या मनात दोन गोष्टी जुळल्या. ती तडक राजेश्रीच्या घरी परतली आणि दारातूनच म्हणाली,

“राजलक्ष्मी आणि देवयानी एकच साडी आहे. खरं की नाही?”

राजेश्री उठून उभी राहिली. मग पुन्हा खाली बसली. चार दिवस पोलिसांपुढं न रडलेली बाई हमसाहमशी रडायला लागली. तानुबाई चुलीपुढून धावत आली.

“एकाच गाठोड्यात येतात मॅडम. सुरतेहून. एकच गिरणी, एकच कापड, एकच जर. अर्ध्या ढिगात, अर्ध्या काचेत. दोन्हीच्या चिठ्ठ्या मीच लावते. मालकानं शपथ घातली होती, ही गोष्ट दुकानाच्या बाहेर जाता कामा नये.” तिनं डोळे पुसले. “मला चोरायचीच असती तर मी काच कशाला फोडीन? हाताशी ढीग होता. त्यातल्या दहा गेल्या असत्या तर मोजल्यासुद्धा नसत्या कुणी.”

“हे एवढं सांगितलं असतंस तर पहिल्याच दिवशी सुटली असतीस.”

“आणि दुकान? मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा या गावात मला कुणी दारात उभं करत नव्हतं. दिनकररावांनी किल्ली दिली हातात. ते आपण होऊन सांगतील असं वाटलं मला. त्यांना तर माहीतच हाय ना, मॅडम, की मी काच फोडणार न्हाई? रोज वाटतंय, आज सांगतील.”

शुभदा दारातून मागं वळली. राजेश्रीच्या अजून लक्षात न आलेली गोष्ट तिच्या लक्षात आली होती. दिनकररावांना ती निर्दोष आहे हे पहिल्या सकाळपासून कळलेलं होतं, आणि तरीही ते आपण होऊन सांगणार नव्हते.

४

“बसा वकीलबाई,” दिनकरराव म्हणाले. पांढरा स्वच्छ सदरा, कपाळाला अष्टगंध. त्यांच्या शेजारी महारुद्र मोबाइल चाळत उभा होता.

शुभदानं दुकानाचं दार आतून लोटून घेतलं आणि जे कळलं होतं ते सरळ सांगितलं. ऐकताना दिनकररावांनी नजर वळवली नाही. महारुद्रनं मात्र मोबाइल खिशात घातला.

“ती कल्पना माझी होती,” तो म्हणाला. “आणि त्यात चूक काय? पंधराशेला ठेवल्या तर बायका हात लावून परत ठेवायच्या. ‘हलक्या दिसायल्यात’ म्हणायच्या. त्याच साड्या काचेत ठेवल्या, दिवा लावला, सहा हजारांची चिठ्ठी लावली, तर सणाच्या आत संपल्या. आणि ते सहा हजार बघून ढिगातल्या पंधराशेच्यापण स्वस्त वाटायला लागल्या. दोन्ही खपायला लागल्या.”

“दोन वेगळी नावं देऊन. त्याला फसवणूक म्हणतात.”

“कुणाची फसवणूक?” आता दिनकरराव बोलले. आवाज शांत होता. “तुमी सोता नेली की दिवाळीला. हातात धरून बघितली, अंगावर टाकून बघितली. तुमाला कमी वाटली का ती? तुमी खुश होतात. बाईनं साडीचे पैसे दिले असं वाटतं, बाई. ती देते ते चारचौघीत ताठ मानेनं बसायचे. ते मी दिलं न्हाई का तुमाला?”

आयोगापुढं तिनं याहून अवघड प्रश्नांना उत्तरं दिली होती. पण या घडीला तिला आठवली ती लग्नात थांबवून विचारणाऱ्या बायकांसमोरची स्वतःची ताठ झालेली मान, आणि तिचे कान तापले.

“माझ्या साडीचं मी बघेन,” ती म्हणाली. “राजेश्रीचं काय? ती चोर नाही हे तुम्हाला माहीत आहे. पोलिसांना सांगा.”

“काय सांगू? की तिला ठाऊक होतं दोन्ही एकच हायत म्हणून? उद्या सगळा तालुका दारात उभा राहील. तीस वर्षांचं दुकान हाय माझं.”

“म्हणजे तिला बळी द्यायचं.”

“कोर्टात टिकणार न्हाई ते. सुटंल ती. मग मी बघीन तिचं सगळं.”

बोलताना त्यांनी नजर खाली घेतली. शुभदा उठली नाही.

“बरं, मग खरा चोर तरी शोधू. बघा. चोर किल्लीनं आत आला. हाताशी ढीग असताना त्यानं काच फोडली. म्हणजे दोन्ही साड्या एकच आहेत हे त्याला माहीत नव्हतं. ज्या इरकलीसाठी मुंजाजीकाका हळहळले, ती त्यानं बोळ्यासारखी वापरली, कारण तिच्यावर सातशेची चिठ्ठी होती. चोरानं कापड पाहिलंच नाही, चिठ्ठ्या वाचल्या. राजेश्री नाही, मुंजाजीकाका नाहीत, तुम्ही दोघं नाहीत. तुम्हा चौघांना सगळं माहीत होतं.”

“मग बाहेरचा कुणीतरी,” महारुद्र म्हणाला.

“बाहेरच्याकडं किल्ली कुठून? आणि बाहेरच्यानं खोकी कशाला नेली? चोर माल विकतो तेव्हा आधी दुकानाचं नाव फाडून टाकतो. या चोराला दुकानाचं नाव हवं होतं, किमतीची चिठ्ठी हवी होती. त्याला साड्या विकायच्या नव्हत्या. कुणाला तरी द्यायच्या होत्या, आणि घेणाऱ्यानं किंमत वाचावी म्हणून द्यायच्या होत्या.”

शुभदानं खुर्ची पुढं ओढली.

“दिनकरराव, अधिक महिना चालू आहे. विहीणबाईंना धोंड्याला कुठली साडी दिलीत?”

“देवयानी,” ते सवयीनं म्हणाले. “मोरपंखी. त्यांचा आवडता रंग. मला ठाऊक हाय ना आत काय हाय ते, घरच्या माणसाला नुसतं खोकं कशाला...”

वाक्य तिथंच राहिलं. त्यांनी टेबलाची कड धरली. त्यांनी मुलाकडं पाहिलं, मग वर, शटरच्या माथ्यावरच्या, लेकीच्या नावाच्या पाटीच्या दिशेनं, जिथं आतून उलटी अक्षरं दिसत होती.

“महारुद्र,” ते म्हणाले, “गाडी काढ.”

५

पूर्णा मागं टाकून गाडी चुडाव्यात शिरली तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत कुणी कुणाशी बोललं नाही. महारुद्र एकदाच म्हणाला, “मीच सोडलं तिला त्या दिवशी. बॅग उचलली तर जड लागली. म्हणलं काय दगड भरलेत का, तर हसली.”

राजनंदिनीचं सासर स्टेशनच्या रस्त्याला, नवं बांधलेलं मोठं घर. सासूबाई, सगुणाबाई, ओसरीवर पान लावत बसल्या होत्या. विहीणबाईंनी व्याह्यांचं तोंडभर स्वागत केलं. इतकं अगत्य दिनकररावांनी या घरात कधी पाहिलं नव्हतं.

“पोखर्णीला नृसिंहाला जाऊन आले तुमचीच साडी नेसून,” त्या म्हणाल्या. “सगळ्या इचारायल्या, कितीची म्हणून. खोकंच दाखवलं मी. खरं सांगू का व्याही, आधीची बघून मन खट्टू झालतं. तुमच्याच दुकानात ढिगात बघितलती तसली. म्हणलं, आमची किंमत एवढीच केली का यांनी? पर पोरीनं मागाहून मला, जावांना, नणंदांना, सगळ्यांना आणल्या. मन मोठं हाय तुमचं.”

दिनकरराव हसल्यासारखं करून पाणी प्यायले.

“आधीची कुठं आहे?” शुभदानं विचारलं.

“ती? दिली की धुणंभांडीवालीला.”

मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. राजनंदिनी एकेक काढून खांद्यावर टाकत होती. वडलांबरोबर वकीलबाई दिसली आणि तिचा हात दोरीवरच थांबला. चेहऱ्यावरून ओळखता आलं, ती रोज या पावलांचीच वाट बघत होती.

शुभदा काही बोलली नाही. ती दोरीकडं बघत होती. दोरीवर दोन मोरपंखी साड्या होत्या. एक सासूबाईंची, एक कामवालीची; बाईनं मालकिणीच्या धुण्याबरोबर आपलीही धुऊन टाकली असावी. वाऱ्यानं दोन्हींचे पदर एकमेकांत गुंतले होते. तिनं दोन्ही काढल्या, घडी करून कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

“राजनंदिनी, यातली सहा हजारांची कुठली?”

पोरगी आधी वडलांकडं बघायला लागली. मग साड्यांकडं. वाकून तिनं एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली. काठ बघितला, पदर बघितला, उलटी करून जर बघितली. दोन्हींच्या टोकाला गिरणीचा तोच पुसट शिक्का होता. तिचे हात जलद व्हायला लागले, एक टाक, दुसरी उचल, जणू कुठंतरी फरक असायलाच पाहिजे होता आणि तो सापडला नाही तर तिचं काही खरं नव्हतं.

“बाबा?”

“एकच हायत गं,” दिनकरराव म्हणाले. “पयल्यापासून एकच.”

ती कट्ट्यावर बसली.

“सासूबाईंनी सगळ्यांसमोर ती साडी कामवालीच्या अंगावर टाकली, बाबा. म्हणल्या, तुझ्या बापानं दुकान तुझ्या नावाचं काढलं, पर तुला ढिगातच ठेवलं. मी माझ्याच दुकानात गेले. किल्ली खुंटीलाच होती. भुजंगकाकांना हात पण केला मी, लपून नाही गेले.” तिनं हातातली साडी कट्ट्यावर टाकली. “कपाटाची किल्ली तुमच्या खिशात. मागितली असती तर तुम्ही म्हणला असता, काय करायचीय, ढिगातली ने. मला सांगितलं का नाही तुम्ही? एकदा तरी?”

“तुला सांगितलं असतं तर तू नवऱ्याला सांगितलं असतं. त्यानं आईला.”

“आणि राजेश्री?” शुभदा म्हणाली. “तिला पोलिसांनी बोलवलं, हे तुला कळलं होतं?”

राजनंदिनीनं टाकलेल्या साडीची घडी पुन्हा नीट केली. ओसरीवरून सासूबाईंचा अडकित्ता वाजत होता.

“दादानं फोनवर सांगितलं. माझ्या पहिल्या साडीच्या निऱ्या तिनंच घातल्या होत्या.” आवाज अगदी खाली गेला. “मला वाटलं, तिला काय, चार दिवस बोलतील लोक. मग विसरतील. पण इथं माझं नाव निघालं असतं तर जन्मभर...”

तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं असावं. तिनं तोंडावर हात घेतला.

महारुद्र भिंतीकडं तोंड करून उभा होता. दिनकररावांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तो तसाच खाली घेतला.

“बाई,” ते शुभदाला म्हणाले, “पोरीचं घर मोडू नका. बाकी तुमी म्हणाल ते करतो.”

“मी काय म्हणणार? माझं काही गेलेलं नाही. जिचं गेलंय तिला विचारा.”

६

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकररावांनी पोलिसांना लिहून दिलं, की साड्या घरातच सापडल्या, गैरसमज झाला. काच आपल्याच माणसाकडून फुटली. प्रकरण मिटलं. चुडाव्याच्या घरात कुणाला काही कळलं नाही. दोन्ही मोरपंखी साड्या आपापल्या अंगावर गेल्या. आणि दुकानातली देवयानीची पाटी शुभदाच्या देखत उतरली. सगळ्या साड्या एका ढिगात, एका नावानं, एका भावानं ठेवायच्या, नाही तर आयोगाची नोटीस येईल, हे तिनं महारुद्रला नीट समजावून सांगितलं होतं. तो नुसता म्हणाला, “बघा, आता एकही खपणार नाही.”

मग दिनकरराव शुभदाबरोबर राजेश्रीच्या घरी गेले. चपला बाहेर काढून आत सतरंजीवर बसले. तानुबाईनं चहा ठेवला, पण समोर आली नाही.

“चूक झाली,” ते म्हणाले. “पगार वाढवतो. आजपर्यंतच्या तरासाचं म्हणून वेगळं काय ते देतो. तू आकडा सांग, मी घासाघीस करणार न्हाई.”

राजेश्री दारात उभी होती. तिच्या हातात दुकानाची किल्ली होती. तिनं ती सतरंजीवर, त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“पैसे नकोत मला. बाहेर गल्लीत उभं राहा आणि मोठ्यानं सांगा, राजेश्रीनं चोरी केली न्हाई, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”

दिनकररावांचा चहाचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला. कितीही मोठा आकडा ऐकून ते एवढे दचकले नसते, हे शुभदाला स्पष्ट दिसलं. त्यांनी शुभदाकडं पाहिलं, काही सवलत मिळते का म्हणून. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिली.

अखेर ते उठले. गल्लीत नळाला पाणी आलं होतं, बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. दिनकरराव गिराम त्या ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि बोलले. पहिलं वाक्य पुरतं ऐकू आलं. दुसरं म्हणताना आवाज फुटला, पण त्यांनी ते पूर्ण केलं. मग चपला शोधत, कुणाकडं न बघता, ते गाडीत जाऊन बसले.

पाणी घागरीबाहेर वाहायला लागलं तेव्हा कुठं एकीनं नळ बंद केला. शेजारची एकजण पदर सावरत पुढं आली. चार दिवस तिचंही दार बंदच होतं.

“चांगलं झालं बाई. एवढा मोठा माणूस दारात आला म्हणजे लय झालं.” मग जवळ सरकून, मायेनंच, हळू आवाजात, “कितीला मिटलं?”

“कितीला म्हणजे?”

“अगं, म्हणजे किती घेतलेस? कुणाला सांगायची न्हाई मी.”

“काही न्हाई घेतलं,” राजेश्री म्हणाली.

“फुकट?”

“फुकट.”

शेजारीण तिच्या तोंडाकडं बघत राहिली. आत्ता आत्ता आलेली माया तिच्या डोळ्यांतून हळूहळू निघून गेली. फुकटात मिटवते म्हणजे हिनं काहीतरी केलं होतंच, असं काहीसं तिच्या मनात चाललेलं शुभदाला लख्ख वाचता आलं. “असंल बाई,” म्हणून ती घागर उचलून गेली. नळापाशी जाऊन ती दुसरीच्या कानाला लागली, आणि दोघींनी एकदा वळून पाहिलं.

राजेश्री उंबऱ्यातच उभी होती.

“मॅडम,” तिनं विचारलं, “आकडा सांगायला पाहिजे होता का मी?”

शुभदानं पर्स खाली ठेवली. परभणीची बस निघायची वेळ झाली होती, तरी ती कितीतरी वेळ तिथंच, राजेश्रीशेजारी, उंबऱ्यावर उभी राहिली.